आकाशातला उजेड आणि बांधावरचा काळा दगड

यावल तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरच्या मध्यात शेतात भरिताची पार्टी होती. रात्री साडेदहाच्या सुमाराला उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला, हिरवट पांढरा मोठा तारा तुटला आणि शेजारच्या केळीच्या बागेमागे उतरला. आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच बागेच्या बांधावर मुठीएवढा काळा दगड सापडला. हाताला जड लागतो, लोहचुंबक लावलं तर ओढ जाणवते, अंगावर बारीक भोकं आहेत आणि एका भोकात पांढरे चकाकणारे खडे आहेत. भाच्याने दगडाचा व्हिडिओ टाकला. त्यावर गुजरातमधून फोन आला: पाच लाख देतो, पण आधी तपासणीचे पंधरा हजार पाठवा. आता त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. ही उल्का आहे का, किंमत किती येईल, आणि कापून बघितलं तर चालेल का?

पहिलं उत्तर लगेच देतो, कारण ते दगडावर अवलंबून नाही. भाऊ, पंधरा हजार पाठवू नका. बाकीचं निवांत वाचा.

मी जळगावात तीसएक वर्षं भूशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. दुर्बीण हा जुना नाद. त्यामुळे ‘आकाशातून पडलेला’ दगड घेऊन लोक अजून माझ्या ओट्यावर येतात. कोणी रुमालात बांधून आणतो, कोणी देवघरातून उचलून. साक्रीकडचे एक आजोबा तर एसटीने मांडीवर घेऊन आले होते. म्हणाले, “सर, हाऊ दगड आभायमाईन पडना.” मी मोजदाद ठेवली नाही, पण दोनशेच्या खाली दगड नक्की बघितलेले नाहीत. त्यातला एकही आकाशातला निघाला नाही. म्हणून तुमचाही नसेलच असं मी म्हणणार नाही. पण मी कुठे उभा राहून बोलतोय ते तुम्हाला माहीत असावं.

खरी अडचण अशी की तुमच्याकडे एक गोष्ट नाही, दोन आहेत: मंगळवारी रात्री दिसलेला उजेड आणि गुरुवारी सकाळी सापडलेला दगड. या दोन्हींना जोडणारं ‘म्हणून’ तुम्ही घातलंय. (वार माझ्या मनाचे.) तो उजेड दिसला नसता तर बांधावरच्या त्या दगडाकडे तुम्ही वळून तरी बघितलं असतं का? दगड तिथे वर्षभर पडलेला असेल. नांगरटीत वर आला असेल, नाहीतर केळीला पाइपलाइन टाकताना जेसीबीने काढला असेल. तेव्हा उजेड वेगळा तपासू, दगड वेगळा तपासू, आणि दोन्ही टिकले तरच जोडू.

आधी उजेड. तारा ‘बागेमागे उतरला’ असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. कोणाचा चिंचेमागे, कोणाचा टेकडीमागे, कोणाचा गावाच्या पाण्याच्या टाकीमागे. सांगणारा खोटं बोलत नसतो. अंधारात उजेडाचं अंतर डोळ्याला कळत नाही, म्हणून डोळा समोरच्या झाडाचं अंतर उसनं घेतो. उल्का उजळते ती साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर. मोठी असली तर आणखी खाली येते, पण बहुतेकींचा उजेड जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर वरच संपतो. त्याखाली दगड उरलाच, तर तो काळाठिक्कर, न चमकता, साध्या फेकलेल्या दगडासारखा खाली येतो. म्हणजे जमिनीला टेकेपर्यंत पेटलेला तारा कोणालाच दिसत नाही.

आता हिशोब करा. हात लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. केळीची बाग तुम्हाला क्षितिजापासून एक मूठभर उंच दिसत असेल आणि उल्का तिच्या शेंड्याशी विझली असेल, तर ती १० अंशांवर विझली. विझतानाची उंची ६० किलोमीटर धरली तर ती तुमच्यापासून सुमारे ३०० किलोमीटर लांब होती. यावलहून उत्तरेला ३०० किलोमीटर म्हणजे सातपुडा गेला, नर्मदा गेली, उज्जैनही मागे पडलं. ६० हा आकडा मी धरलेला आहे. ४० धरला तरी अंतर २०० च्या वरच येतं. तुमच्या बागेमागे येतच नाही.

दुसरी खूण आवाजाची, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. दगड जमिनीपर्यंत पोचण्याइतकी मोठी उल्का जवळपास फुटली तर तोफ डागल्यासारखा किंवा गडगडाटासारखा आवाज येतो. तो उजेडासोबत येत नाही. आवाज मिनिटाला २० किलोमीटरच चालतो, म्हणजे ४० किलोमीटर वर फुटलेल्या उल्केचा आवाज यायला किमान दोन मिनिटं लागतात. तोपर्यंत लोक पुन्हा गप्पांत रमलेले असतात आणि ‘कुठेतरी सुरुंग लावला असेल’ म्हणून सोडून देतात. तुम्ही स्वतःच लिहिलंय की आवाज आला नाही. तरी पार्टीत जे जे होते त्यांना एकदा विचारा: तारा तुटल्यावर दोन-चार मिनिटांनी काही ऐकू आलं होतं का? कोणालाच काही आठवत नसेल, तर तुमच्या शिवारात दगड पडल्याची शक्यता माझ्या लेखी फार कमी उरते.

तिसरी गोष्ट तारखेची. १३-१४ डिसेंबरच्या आसपास दरवर्षी मिथुन राशीतून येणारा जेमिनिड उल्कावर्षाव असतो. आपल्याकडे तो बघायला उत्तम. ऑगस्टमधला पर्सिड वर्षाव बहुधा ढगांत जातो, पण डिसेंबरात आकाश स्वच्छ, थंडी, हरभरा गुडघ्याला लागलेला, आणि लोक आपणहून रात्री शेतात. साडेदहाला मिथुन रास पूर्वेला चांगली वर आलेली असते. या उल्कांचं मूळ फेथॉन नावाचा लघुग्रह आहे, १९८३ साली सापडलेला. बहुतेक वर्षावांमागे धूमकेतू असतो, इथे लघुग्रह आहे, म्हणून हा वर्षाव अभ्यासकांचा आवडता. त्याचे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात, वाळूच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे असतात आणि वरच जळून जातात. जेमिनिड वर्षावातला म्हणून खात्रीने ओळखलेला दगड आजवर कोणाच्या हाती आलेला नाही. हिरव्या रंगाचं म्हणाल तर कणातल्या मॅग्नेशियमसारख्या धातूंमुळे आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो येतो. दगड खाली पोचला की नाही हे त्यावरून ठरत नाही.

तेव्हा उजेडाबद्दल माझं मत: तुम्ही उल्का बघितली, छान मोठी बघितली, आणि ती मध्य प्रदेशाच्या आकाशात कुठेतरी विझली.

उजेडांचा आणखी एक प्रकार इथे सांगून टाकतो, कारण त्या रात्री माझा फोन तासभर थांबला नव्हता. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमाराला आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग सरकत गेली. खानदेशातून दिसली, विदर्भातून दिसली, मध्य प्रदेशातूनही. रात्रीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी आणि गोळे सापडल्याच्या बातम्या आल्या. तो चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा असं जाणकारांनी सांगितलं. यातला फरक लक्षात ठेवा. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, फार तर पाच-सहा. रॉकेटचा भंगार तुकडा पृथ्वीभोवती फिरता फिरता खाली येतो, त्याचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणून तो आडवा, सावकाश, अर्धा-अर्धा मिनिट दिसतो आणि लोकांना मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला वेळ मिळतो. तुम्हाला व्हिडिओ घेता आला नाही ना? मग ती उल्काच.

आता दगड.

खानदेशात काळा जड दगड सापडणं म्हणजे कोकणात नारळ सापडण्यासारखं आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तापीच्या काठाने त्यावर गाळ साचलाय, पण सातपुड्यातून येणाऱ्या प्रत्येक नदीने त्यात काळे गोटे आणून टाकलेत. धुळे-नंदुरबारकडे तर भेगांमध्ये थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या भिंतीच्या भिंती मैलोन् मैल गेल्यात. त्यांचा दगड आणखी घट्ट आणि जड. या सगळ्या दगडांत मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज बारीक कणांनी विखुरलेलं असतं, म्हणून चुंबकाला ओढ लागते. राजस्थानच्या वाळवंटात किंवा अंटार्क्टिकाच्या बर्फावर काळा दगड उठून दिसतो, तिथे ‘काळा आणि चुंबकाला ओढतो’ ही खूण चालून जाते. आपल्याकडे ती खूण म्हणजे अख्ख्या तालुक्याचे बांध गोळा करणं.

चुंबकाची खूण उलट बाजूनेही फसते, आणि त्याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. जून १८४३ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्यात एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, माणेगाव इथे अशनी पडली. (जळताना दिसते ती उल्का, जमिनीवर हाती येते ती अशनी. बोलताना आपण दोन्हीला उल्काच म्हणतो, हरकत नाही.) ही माणेगावची अशनी डायोजेनाइट जातीची आहे, आणि ही जात जगात दुर्मीळ आहे. या जातीचे दगड वेस्टा नावाच्या लघुग्रहावरून आलेत असं मानतात. ‘डॉन’ यान २०११-१२ मध्ये वेस्टाभोवती फिरलं, तेव्हा त्याच्या पृष्ठभागाची मोजमापं या दगडांशी चांगली जुळली. म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला एक तुकडा मुक्ताईनगर तालुक्यात येऊन पडला होता. आणि या जातीत लोखंड-निकेल इतकं थोडं असतं की साधं चुंबक त्याला जेमतेम दाद देतं. चुंबकाच्या भरवशावर बसलो असतो तर खानदेशची सगळ्यात मोलाची अशनी आपण बांधावर फेकून दिली असती.

१८७७ मध्ये धुळ्याकडेही अशनी पडल्याची नोंद आहे. ती साधी दगडी, आत धातूचे कण असलेली, नेहमी सापडते तशी. म्हणजे आपल्या मुलखात अशनी पडतच नाहीत असं नाही. पडतात, पण दोन्ही वेळच्या नोंदी पडताना बघितलेल्या दगडांच्या आहेत. बांधावर सापडलेल्या काळ्या दगडाची गोष्ट निराळी.

मग ओळखायचं कसं? भरिताची पार्टी तुमचीच, तर उपमाही तिथलीच घेतो. तुरखाट्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं आठवा. वरची साल काळी, करपलेली, नखाने सुटेल इतकी पातळ, आणि आतला गर फिकट, सालीपेक्षा अगदी वेगळा. ताजी अशनी अशीच असते. हवेच्या घर्षणाने आणि दाबाने तिचा बाहेरचा भाग वितळून उडून जातो, शेवटचा वितळलेला थर थिजून कातडं बनतो. हे कातडं एक मिलिमीटरहूनही पातळ असतं. आत उष्णता जायला वेळच मिळत नाही. दगड उष्णता सावकाश वाहतो आणि हा सगळा खेळ काही सेकंदांचा. म्हणून आतला दगड थंड राहतो, करड्या किंवा फिक्या रंगाचा दिसतो. पडल्या जागी गवत पेटलं, दगड दोन दिवस तापलेला होता, असं कोणी सांगितलं की मी चहा ठेवायला सांगतो आणि विषय बदलतो.

बेसाल्टचं नेमकं उलटं. त्याला ऊनपाऊस लागून बाहेरची बाजू तपकिरी, करडी होते आणि फोडला की आत काळा कुळकुळीत. तेव्हा दगडाचा टवका उडालेली एखादी कड शोधा. बाहेर काळं आणि आत फिकट असेल तर पुढे वाचा. बाहेर फिकट आणि आत काळं, किंवा आतबाहेर सारखंच काळं असेल, तर बहुधा बेसाल्ट.

भोकं. तुमच्या पत्रातला हा शब्द वाचला तेव्हाच माझा अंदाज बांधला गेला. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकतात, त्याची भोकं होतात. लोखंडाच्या भट्टीत उरणाऱ्या कचऱ्यात, म्हणजे मळीतही होतात. अशनीत बुडबुड्यांची भोकं जवळजवळ नसतातच. तिच्या पृष्ठभागावर कणकेत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात, पण तो खळगा वेगळा आणि भोक वेगळं. आणि तुमच्या भोकात पांढरे चकाकणारे खडे आहेत. बेसाल्टच्या पोकळ्यांतून हजारो वर्षं पाणी झिरपून तिथे झिओलाइट नावाची खनिजं वाढतात. आपण सरसकट गारगोटी म्हणतो त्यातलीच ती एक. आपल्या जिल्ह्यात सावद्याच्या खाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे पोचलेत. अशनीत असले पोकळीतले स्फटिक मी कधी बघितलेले नाहीत, वाचलेलेही नाहीत.

तरी घरच्या घरी एक परीक्षा कराच, कारण तिला फार काही लागत नाही आणि ती डोळ्यांवर अवलंबून नाही. ही घनतेची परीक्षा. ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. घरी नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा, जळगाव जिल्ह्यात सराफ सापडायला अडचण नाही. दगड ब्रशने झाडून कोरडा तोला. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका दगडाचं सांगतो: ६१२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवायचं, दगड पूर्ण बुडेल इतकं खोल, आणि काटा शून्यावर आणायचा. दगडाला दोरा बांधून तो हातात धरून पाण्यात सोडायचा. पूर्ण बुडाला पाहिजे पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. इथेच सगळे चुकतात. दगड तळाला टेकला की काटा त्याचं वजन दाखवू लागतो. नीट लोंबकळत ठेवला की काटा जे दाखवतो तो दगडाने सारलेल्या पाण्याचा भार, म्हणजेच घनसेंटिमीटरमध्ये त्याचं आकारमान. त्या दिवशी काटा २१४ वर थांबला. ६१२ भागिले २१४, उत्तर २.८६. शेजारी बसलेल्या गड्याला मी म्हटलं, “घरचाच आहे.” बेसाल्टची घनता २.८ ते ३.० असते, भोकं जास्त असतील तर आणखी कमी. साध्या दगडी अशनीची ३.२ ते ३.७, लोखंडी अशनीची ७ च्या पुढे.

तुमचा आकडा ३ च्या खाली आला तर मनातून उल्का काढून टाका, एवढं मी ठामपणे सांगू शकतो. अपवाद आहेत. काही कोळशासारख्या ठिसूळ, कार्बनवाल्या अशनी हलक्या असतात. जयपूरजवळ मुकुंदपुरा इथे २०१७ मध्ये पडली ती त्या जातीची. पण त्यांच्यात भोकं आणि गारगोट्या नसतात. आकडा ३.२ च्या वर आला तर मात्र लगेच नाचू नका, कारण पुढचा संशयित उभाच आहे: कारखान्यातलं लोखंड आणि त्याची मळी.

कारखान्यातल्या लोखंडाने मला स्वतःला फसवलंय, म्हणून त्याच्याबद्दल जरा राग आहे. नोकरीची पहिली वर्षं होती. अमळनेरकडून एकाने क्रिकेटच्या चेंडूएवढा काळपट गोळा आणला. जड म्हणजे काय जड, चुंबक खाडकन चिकटलं. घनता काढली तर ७ च्या पुढे. लोखंडी अशनी! मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी महाविद्यालयात चार जणांना सांगून टाकलं. दुपारी प्रयोगशाळेतल्या शिपायाने तो हातात घेतला, फिरवला आणि शांतपणे म्हणाला, “सर, हा तर दळायच्या गिरणीतला गोळा आहे. माझा साडू सिमेंटच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडे असले पोत्याने असतात.” तो भट्टीत ओतलेला पोलादी गोळा होता. त्या दिवसापासून आकाशाकडे बघण्याआधी मी आसपासच्या कारखान्यांकडे बघतो. नांगराच्या फाळाचा तुकडा, जेसीबीच्या बादलीचा झिजलेला दात, जुन्या लोहाराच्या भट्टीतली मळी, वीटभट्टीत वितळून काचेसारख्या झालेल्या विटा, साखर कारखान्याच्या बॉयलरमधले खडे, हे सगळं माझ्या ओट्यावर येऊन गेलंय. भुसावळला वाफेच्या इंजिनांची मोठी शेड होती. त्या काळातली कोळशाची जळकी ढेकळं रुळांच्या आसपास अजून सापडतात. एखाद्याने ती मुरुमाच्या जागी शेतरस्त्यावर टाकली असतील तर पन्नास वर्षांनी नातवाला ‘उल्का’ सापडते.

खनिज लोखंड आणि अशनी यांच्यात फरक करायचा असेल तर चिनी मातीची कपबशी उलटी करा. बुडाला जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते तिच्यावर दगड जोर देऊन घासा. तांबडी रेघ उठली तर हेमॅटाइट, काळी दाट उठली तर मॅग्नेटाइट. अशनी बहुधा रेघच उठवत नाही, उठवली तर अगदी पुसट.

आता कापण्याबद्दल. हे परिस्थितीवर अवलंबून आहे. वरच्या सगळ्या परीक्षांत दगड नापास झाला असेल तर कापा, फोडा, तुमचा आहे. पण पास होत असेल तर ग्राइंडर लावू नका. फार तर एक कोपरा, नखाएवढा, पाणी लावून पॉलिशपेपरवर घासा आणि भिंगातून बघा. साध्या दगडी अशनीत करड्या दगडात चांदीसारखे चमकणारे धातूचे कण विखुरलेले दिसतात, आणि नशीब असेल तर मोहरीहून लहान गोल दाणेही दिसतात. त्या दाण्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. सूर्यमाला जन्मत होती तेव्हा, सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वितळून थिजलेले थेंब आहेत ते. आपल्या कोणत्याही बेसाल्टात तसले दाणे मिळणार नाहीत.

चुंबकाबद्दल मागे म्हणालो ते अर्धंच होतं. स्पीकरमधलं किंवा ऑनलाइन मागवलेलं चकचकीत जोरदार चुंबक अशनीवर फिरवू नका. दगडात जपलेली जुनी चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते, आणि अभ्यासकांना नेमकी तीच हवी असते. फ्रिजला लावायचं साधं चुंबक दोऱ्याला टांगून जवळ आणा. ओढ आहे की नाही तेवढं कळायला ते पुरतं.

किंमतीबद्दल मी फार लिहिणार नाही. जात कोणती, पडताना बघितली का, किती ताजी, कागदपत्रं काय, यावर ती हलते. साध्या दगडी अशनीचा ग्रॅमचा भाव सोन्याच्या ग्रॅमच्या जवळपासही नसतो. जगात सत्तर हजारांहून जास्त अशनींची नोंद झालेली आहे आणि त्यातल्या बहुतेक याच साध्या जातीच्या. ‘आधी तपासणीचे पैसे भरा’ हा डाव तर जुना आहे. तांदूळ ओढून घेणारं तांब्याचं भांडं म्हणून काही वर्षांपूर्वी गावोगाव जे लोक फिरत होते, त्यांचीही हीच पद्धत होती: माल तुमचा, किंमत कोटीत, फक्त तपासणीचा खर्च आधी तुमच्याकडून. खरा विकत घेणारा स्वतःच्या खर्चाने दगड बघायला येतो.

उद्या खरोखर तुमच्या पत्र्यावर दगड आदळला तर काय करायचं, तेही लिहून ठेवतो. गुजरातमध्ये दियोदर तालुक्यात १७ ऑगस्ट २०२२ ला असंच झालं. दगड ओसरीच्या फरशीवर पडून फुटला. तो ऑब्राइट या विरळ जातीचा निघाला, आतून फिकट पांढुरका, ‘काळा जड लोखंडी’ या आपल्या कल्पनेच्या पार उलट. भारतात त्याआधीची तशी नोंद १८५२ सालची, बस्तीची. अशा वेळी हात लावण्याआधी फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून. वेळ लिहा. जागेचं लोकेशन मोबाइलवर जपून ठेवा. उघड्या हाताने न उचलता स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. धुवू नका, हळदकुंकू लावू नका. तेल तर अजिबात नको. घरच्यांना वाईट वाटेल, पण पूजा फोटोची करा. मग तहसीलदारांना कळवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशात पडलेल्या अशनी जपण्याचं काम याच संस्थेकडे आहे, मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळाही अशा दगडांचा अभ्यास करते. शक्य तितक्या लवकर कळवा, कारण आकाशात असताना अशनीत तयार झालेली काही किरणोत्सारी मूलद्रव्यं दिवसागणिक कमी होत जातात.

उजेडाची नोंद मात्र आजही करता येईल. जिथे बसून बघितलं त्याच जागी पुन्हा उभे राहा, तारा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ती दिशा होकायंत्राने बघा, उंची मुठींनी मोजा. शिरपूर, चोपडा, बऱ्हाणपूर इकडच्या कोणी तीच उल्का बघितली असेल तर त्यांच्याकडूनही घ्या. दोन गावांच्या दिशा नकाशावर ओढल्या की त्या जिथे छेदतात त्याच्या वर ती विझली. पेट्रोल पंपाचे सीसीटीव्ही या कामाला फार चांगले, पण त्यांचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, तेव्हा आधी तिथे चौकशी करा.

तुमच्या दगडाबद्दल, फोटो न बघता, माझा कौल: पोकळ्यांत झिओलाइट असलेला बेसाल्ट. घनता काढून आकडा कळवा, आणि टवका उडालेल्या कडेचा एक फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून पाठवा. ३.२ च्या वर आला तर मी स्वतः यावलला येतो, हंगाम आहे तोवर. वांगी बामणोदचीच असणार, ते विचारत नाही.